आवडतीचे मीठ अळणी

मराठीत समीक्षा कशाची होत नाही? कवितेची होते, कादंबरीची होते, समीक्षेचीही होते. मग त्या समीक्षेच्या समीक्षेला कुणीतरी तावातावाने उत्तर लिहितो आणि शेवटी संपादकांना 'हा वाद आम्ही येथे थांबवीत आहोत' असं छापावं लागतं. एवढ्या धामधुमीत पाककृती मात्र एकही समीक्षक न भेटता सहीसलामत सुटते. वास्तविक कादंबरी वाईट निघाली तर फार तर एक रात्र वाया जाते. पाककृती वाईट निघाली तर ती रात्र आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ, दोन्ही. शिवाय कादंबरी आवडली नाही तर मिटून फळीवर टाकता येते. बिघडलेला पदार्थ पातेल्यातून दोन दिवस आपल्याकडे बघत असतो, कारण फेकायचा म्हटला की घरातलं कुणीतरी 'राहू दे हो, उद्या थालीपिठात घालीन' म्हणतंच.

खरं म्हणजे आपली सगळी रसचर्चा निघाली स्वयंपाकघरातून. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे समजावताना दाखला दिला तो जेवणाचाच. नाना व्यंजनं, नाना मसाले एकत्र आले म्हणजे जशी चव उभी राहते, तसा भावांच्या मिश्रणातून रस उभा राहतो, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या पंडितांनी त्यातला रस तेवढा ठेवून घेतला आणि व्यंजनं स्वयंपाकघरात परत पाठवून दिली. त्यामुळे आज 'करुणरसाचा परिपोष' यावर शंभर पानं लिहिणारे गृहस्थ आमटीत काय कमी आहे हे सांगू शकत नाहीत. 'काहीतरी कमी आहे खरं' म्हणून पाटावरून उठतात.

ते जे 'काहीतरी' असतं ते नव्वद टक्के वेळा मीठ असतं. आणि आपल्या पाककृतिवाङ्मयाने सगळ्यात जास्त चालढकल केली आहे ती याच जागी. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० सालचं, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० सालची. मधल्या साठ वर्षांत चुली गेल्या, स्टोव्ह आले, गॅस आले. 'रुचिरे'ने तर वाटी-चमच्याचं माप घरोघर नेलं आणि 'अंदाजाने घाला' म्हणणाऱ्या सासवांची सद्दी संपवली. पण एकूण पाककृती काढून पाहा, जिऱ्याला माप, हळदीला माप, हिंगाच्या चिमटीलासुद्धा माप, आणि मिठापाशी आलं की लेखणी अडखळते: 'मीठ चवीनुसार'. कुणाच्या चवीनुसार? लिहिणारीच्या, करणारीच्या, खाणाऱ्याच्या, की जिच्या दंडाला डॉक्टर पट्टा गुंडाळून बसले आहेत तिच्या? रहस्यकथेच्या शेवटच्या पानावर 'खुनी वाचकाच्या मर्जीनुसार' असं छापण्यातला हा प्रकार आहे.

म्हणून ज्या पाककृतीने मिठाबद्दल उघड भूमिका घेतली आहे अशी एक संहिता हाती आली तेव्हा तिची रीतसर समीक्षा करावी असं मी ठरवलं. संहिता इंग्रजी, आमच्या मुलीने न्यू जर्सीहून फोनवर पाठवलेली. शीर्षकाचा मराठी तर्जुमा करायचा तर 'अल्प सोडियमयुक्त टर्कीच्या खिम्याचे टॅकोसाठी सारण'. एवढं नाव ऐकूनच निम्मी भूक जाते, पण नावावरून कलाकृतीचं मूल्यमापन करू नये हा समीक्षेचा पहिला नियम आहे.

प्रसंग गंभीर होता हेही सांगून टाकतो. गेल्या वर्षी आमच्या हिचं ब्लडप्रेशर एकशे सत्तरवर शंभर निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि मीठ कमी करायला सांगितलं. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट छोटा चमचा. डॉक्टर म्हणाले 'कमी'. अमेरिकेतून मुलीने ते ऐकलं 'बंद'. आणि ही तर एकदा ठरवलं की ठरवलं अशा जातीची. तिने मिठाचा सट वरच्या फळीवर, म्हणजे तिचा हात पोचणार नाही पण माझा पोचेल अशा जागी, ठेवून दिला. जिच्या हाताला मिठाचा अंदाज असा, की पन्नास पानांच्या वरणाला ती डोळे मिटून मूठ सोडायची, तिने मूठच मिटली. प्रेशर उतरलं. पण त्याबरोबर जेवणही उतरलं. अर्धी भाकरी, दोन घास भात, 'पुरे झालं' म्हणून उठणं. चार महिन्यांत ब्लाउज दोनदा आत घ्यावे लागले. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि काटा बघून विचारलं, "वजन का उतरलं हो यांचं?" मला त्या प्रश्नाचा आवाज आवडला नाही.

तेव्हा वाचकहो, पुढची समीक्षा आस्वादक वगैरे असली तरी ती अगदीच हौसेची नाही.

संहितेतला नायक टर्की. या पक्ष्याइतकं राष्ट्रीयत्वहीन पात्र जागतिक वाङ्मयात सापडणार नाही. मूळचा तो मेक्सिकोकडचा. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरवून 'टर्की' म्हटलं. तुर्कांनी ती जबाबदारी झटकून त्याला 'हिंदी' म्हटलं. आजही तुर्की भाषेत त्याचं नाव हेच आहे. फ्रेंचांचा 'दँद' म्हणजेही हिंदुस्थानचाच. आणि पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांचं राज्य. त्या काळी बाजारात कुणा पाद्र्याने 'पेरू आण' म्हटल्यावर इथल्या गड्याने काय आणलं असेल, याचा विचार मी कधी कधी झोप येत नसली की करतो.

हिंदुस्थानात मात्र या पक्ष्याने प्रवेश केला तो थेट दरबारात. १६१२ साली मुकर्रबखान गोव्याहून जी अजब जनावरं घेऊन आला त्यांत एक टर्की होता. जहांगीर बादशहाने आठवणींत त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे: लांडोरीहून मोठा, मोरापेक्षा लहान, आणि डोक्यामानेचे रंग सरड्यासारखे बदलणारा. नुसतं वर्णन करून बादशहा थांबला नाही, चित्रही काढून घेतलं. उस्ताद मन्सूरने काढलेलं टर्कीचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. इतक्या थोर घराण्यातल्या पक्ष्याचा पुढे खिमा व्हावा आणि तोही अळणी, ही खरी शोकांतिका.

आमच्या पापडीच्या बाजारात मी कोंबडीवाल्याला टर्की विचारला. त्याने सुरी थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि "नाताळला बदक मिळेल" म्हणाला. त्याचंही बरोबर. इथल्या ख्रिस्ती घरांत सणाला बदकाचं मोयली होतं, त्यात टर्कीचा संबंध कुठे येतो? तेव्हा कोंबडीवरच भागवायचं ठरलं. आता यातली नाट्यमयता लक्षात घ्या. टॅकोत मुळात गाय-बैलाचा खिमा. त्यात चरबी फार म्हणून आरोग्यवाद्यांनी त्याच्या जागी टर्की उभा केला. आता टर्कीच्या जागी कोंबडी. म्हणजे मुख्य नट आजारी, त्याचा बदली नट रजेवर, आणि तिसऱ्या घंटेला प्रॉम्प्टरच्या तोंडाला रंग फासून त्याला पुढे ढकललेला.

संहितेची भाषा आज्ञार्थी आणि करडी आहे. कांदा चिरा. लसूण ठेचा. खिमा घाला, ढवळत राहा. जिरेपूड, मिरचीपूड, पाप्रिका, ओरेगानो घाला. बिनमिठाचा टोमॅटोचा गर घाला. पाणी घाला, झाका, शिजवा. मीठ घालू नका. हे शेवटचं वाक्य तीन ठिकाणी आलं आहे. लेखकाला आपल्या वाचकाच्या चारित्र्याबद्दल खात्री नसली म्हणजे अशी पुनरुक्ती होते.

गुण आहेत, नाही असं नाही. पहिला गुण म्हणजे दुकानात मिळणारी टॅको मसाल्याची तयार पुडी या संहितेने बाहेर फेकली आहे. तसल्या पुडीत मिरची-जिऱ्याच्या खालोखाल भरणा मिठाचाच असतो, आणि ते आपण घातलेलं नसल्यामुळे आपल्या हिशेबात येत नाही. दुसरा गुण, ती 'मीठ' न म्हणता 'सोडियम' म्हणते. प्रथम मला हा शब्द पांडित्यप्रदर्शनाचा वाटला होता, पण त्यात तथ्य आहे. मीठ म्हणजे साधारण चाळीस टक्के सोडियम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली प्रौढ माणसाला घालून दिलेली मर्यादा दिवसाला २,००० मिलिग्रॅम सोडियमच्या आतली, म्हणजे तेच डॉक्टरांचे ५ ग्रॅम मीठ. पण सोडियम मिठाचं सोंग न घेताही घरात शिरतं. खाण्याच्या सोड्याचा एक चमचा घ्या. खारट लागणार नाही, पण त्यात हजार मिलिग्रॅमच्या वर सोडियम बसलेलं असतं. पापडखार त्याच कुळातला. चिनी गाड्यांवरच्या अजिनोमोटोतही तेच. आणि 'आम्ही बाई सैंधवच वापरतो' असं सांगणाऱ्या भगिनींना नम्र विनंती, की सैंधव गुलाबी असलं तरी जातीने मीठच आहे. रंग बदलून स्वभाव बदलला असता तर जहांगिराचा टर्की रोज वेगळा पक्षी झाला असता.

असं सगळं असूनही पहिला प्रयोग पडला. साफ पडला. संहितेबरहुकूम, एका अक्षराचाही फरक न करता, हिने खिमा केला. रंग बरा, वास बरा, आणि तोंडात घातल्यावर काहीच नाही. वाईट लागला असता तर निदान भांडता आलं असतं. ओल्या पुठ्ठ्याला जिऱ्याचा वास यावा तसा लागत होता.

हिने विचारलं, "कसं झालंय?"

नवऱ्यांच्या समीक्षेची एक ठरलेली परिभाषा आहे. 'छान', 'वेगळं आहे', 'पौष्टिक आहे', 'पोट हलकं राहतं'. यातल्या 'वेगळं आहे'चा अर्थ सगळ्या बायकांना कळतो. पण इथे खोटं बोलणं परवडणारं नव्हतं. मी 'छान' म्हटलं असतं तर हा खिमा आठवड्यातून दोनदा झाला असता आणि हिने दोन्ही वेळा अर्ध्या भाकरीवर हात धुतले असते.

मी म्हटलं, "अगं, याला चव नाही."

"मीठ नाही त्यात."

"मीठ नाही म्हणून चव नाही असं नव्हे. मीठ काढलं आणि त्याच्या जागी कुणालाच बसवलं नाही, म्हणून चव नाही."

"मग तुम्ही बसवा," असं म्हणून ती उठली. तिच्या ताटात पाऊण भाकरी तशीच होती.

आता समीक्षकाने बांधणीचे दोष दाखवायला हवेत. खिम्यात मीठ नुसतं खारटपणासाठी नसतं. मिठाने मांसातली प्रथिनं थोडी विरघळतात, पाणी धरून ठेवतात. मीठ नसलं की खिमा तापल्याबरोबर पाणी सोडतो आणि त्याच पाण्यात बिचारा उकडत बसतो. त्यावर संहिता म्हणते ढवळत राहा आणि झाका. म्हणजे बुडत्याला वरून झाकण. दुसरं असं, की मीठ कडवटपणा दडपतं. मीठ निघालं की करपलेल्या जिऱ्याचा, कच्च्या हळदीचा, जळक्या लसणीचा कडूपणा उघडा पडतो. एरवी चालून गेलेल्या चुका अळणी पदार्थात बोलायला लागतात. तिसरं, नुसतं छातीचं मांस. टर्कीच्या छातीला अमेरिकेत काय मान असेल तो असो, कोंबडीच्या छातीचा खिमा मीठ-चरबीविना म्हणजे भुसा. आणि चौथा दोष रसशास्त्रीय. षड्रसांतला लवण काढला तर आम्लाला पुढे आणायला हवं, कारण आंबटपणाने असलेलं थोडं मीठसुद्धा जिभेला जास्त वाटतं. संहितेत लिंबू आहे, पण 'आवडत असल्यास'. नाटकातली एकमेव काम करणारी नटी 'आवडत असल्यास'!

ही चर्चा मी जरा मोठ्याने करत होतो. आमच्या कुंपणापलीकडे एक मावशी राहतात. वय ऐंशीच्या पुढे, जन्म इथल्याच वाडीतला, आणि कुंपणापलीकडची चर्चा ऐकू न येण्याइतके कान अजून गेलेले नाहीत. त्या कढीपत्ता मागायला म्हणून आल्या आणि पातेल्यात बोट घालून चाखून म्हणाल्या, "बाय, हे आजारी माणसाचं जेवण आहे का माणसाला आजारी करायचं?"

समीक्षा ती हीच. मी तीन पानं लिहून इथपर्यंत पोचलो असतो.

मग त्यांनी दोन वस्तू आणून दिल्या. एक बाटली मसाला आणि दुसरा शिरका. बाटली मसाला ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या, धणे आणि वीस-पंचवीस जिनसा वाळवायच्या, भाजायच्या, कुटायच्या आणि पावसाच्या आत बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरायच्या. उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती घरांचा वर्षभराचा आधार. मावशींच्या बाटलीत मिरची आहे, धणे आहेत, जिरं, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर आहे, गहू आणि हरभऱ्याची डाळसुद्धा आहे, मीठ नाही. मीठ ज्याचं त्याने ज्या त्या वेळी घालायचं. न्यू जर्सीतल्या लोकांनी सोडियम मोजून मोजून जो बिनमिठाचा मसाला शोधून काढला, तो कुंपणापलीकडे बिअरच्या बाटलीत बसून होता.

शिरक्याची कथा याहून मजेची. ज्याला आपण विंदालू म्हणतो त्याचं मूळ पोर्तुगीज नाव म्हणजे दारू आणि लसूण. इथे दारूच्या जागी शिरका आला. आंबट, लसूण आणि मिरची या तिघांच्या जिवावर उभा राहणारा पदार्थ. मिरची आणि टोमॅटो तर टर्कीच्याच मुलखातून गलबतांत बसून आलेले. म्हणजे मेक्सिकोचा माल चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी पोर्तुगिजांनी आणला, वसईने तो पचवला, आणि आता तोच अमेरिकेतून फोनवर परत आला तर आम्ही त्याला 'परदेशी पाककृती' म्हणून चष्मा लावून वाचत होतो.

दुसऱ्या प्रयोगाची हकीकत थोडक्यात देतो, कारण ती कुणाला उपयोगी पडेल. अर्धा किलो खिमा, त्यात तंगडीचं मांस निम्मं. कोंबडीवाल्याला हे सांगावं लागतं, नाहीतर तो छातीचाच करून देतो, सोपा पडतो म्हणून. दोन मोठे कांदे बारीक चिरून आधी चांगले तांबूस होईपर्यंत परतले आणि बाजूला काढले. मग त्याच पसरट कढईत आंच मोठी ठेवून खिमा पसरला आणि हात मागे घेतला. ही सगळ्यात अवघड गोष्ट. हिच्या हातातला कालथा मला दोनदा धरावा लागला. खिम्याचं सुटलेलं पाणी आटलं, तळाला तांबूस खरपूस थर धरला, मग तो खरवडून उलटवला. त्यात भरपूर लसूण, दोन टोमॅटो पार आटवून, दोन चमचे बाटली मसाला, मंद भाजलेलं जिरं. झाकण नाही. उतरवायच्या आधी एक मोठा चमचा शिरका आणि उतरवल्यावर अर्धं लिंबू आणि मूठभर कोथिंबीर. मावशींनी एक चमचा भाजलेला जवळा कुटून घालायचा प्रस्ताव मांडला होता. तो नाइलाजाने फेटाळला, कारण जवळ्याला समुद्र स्वतःच मीठ लावून पाठवतो.

आणि मीठ? इथे आमच्या घरात जो वाद झाला तो फडके-खांडेकर वादाच्या तोडीचा होता. मुलगी फोनवरून जीवनवादी: "बाबा, शून्य म्हणजे शून्य." मी कलावादी. पण कलावाद्यालाही आकडे सांगावे लागतात. शंभर ग्रॅम कच्च्या कोंबडीत ७०-८० मिलिग्रॅम सोडियम निसर्गाने घातलेलंच असतं, म्हणजे चौघांत वाटल्यावर माणशी शंभराच्या आत. वरून पाव चमचा मीठ म्हणजे पाचशे मिलिग्रॅम, माणशी सव्वाशे. दोन्ही मिळून सव्वादोनशेच्या आसपास, आणि दिवसाची मर्यादा दोन हजार. हाच पाव चमचा सुरुवातीला घातला असता तर शिजताना कुठच्या कुठे हरवला असता. तो शेवटी, पानात वाढायच्या वेळी वरून शिंपडला तर जिभेला पहिल्यांदा तोच भेटतो. थोड्या पैशांत दागिना करायचा तर तो गळ्यात घालावा, पेटीत ठेवू नये.

"डॉक्टर कमी म्हणाले होते, बंद नाही," मी म्हटलं. "आणि आई जेवली नाही तर तुझं शून्य घेऊन मी काय करू?"

फोनवर जरा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "पाव चमचा. मोजून. आणि पापड बंद."

पापड बंद झाला तो तेव्हापासून. खरा चोर तोच होता. तो, लोणचं, चारच्या चहाबरोबरचं फरसाण, आणि पाव. खिम्यातल्या चिमटीवर पहारा बसवून फरसाणाच्या डब्याला दार उघडं ठेवणं हा आमच्याच घरचा रिवाज होता असं समजू नका, तुमचाही डबा बघा. आता बाजारात पोटॅशियमवालं कमी सोडियमचं मीठही मिळतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये घरच्या स्वयंपाकात असं मीठ वापरावं अशी शिफारसही केली आहे. पण ज्यांचं मूत्रपिंड नाजूक आहे किंवा ज्यांना प्रेशरच्या काही विशिष्ट गोळ्या चालू आहेत त्यांना ते बाधू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. आमच्या डॉक्टरांनी हिला नको म्हटलं. विषय संपला.

टॅकोच्या कवचाबद्दल दोन शब्द. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून त्याची पातळ भाकरी करतात, आणि तिच्यात रिवाजाने मीठ नसतं. चुन्याशी वसईचं जुनं नातं आहे, विड्याच्या पानांच्या वाड्या इथल्याच. पण चुना मक्याला लावायचा हे कळल्यावर मावशींनी कपाळावर हात मारला. आम्ही तांदळाची भाकरी केली, उकडीत मीठ न घालता. तयार कुरकुरीत कवच पहिल्या घासाला फुटतं आणि सारण शर्टावर येतं. भाकरी दुमडते, सारण धरते आणि रस पिऊन घेते. इथे मूळ संहितेपेक्षा भाषांतर सरस उतरलं आहे.

एक गंमत सांगायची राहिली. भाईंदरहून गाडी निघाली, खाडीचा पूल ओलांडला, की नायगावच्या बाजूला रुळांच्या कडेने मिठागरं दिसायची. आता पूर्वीइतकी राहिली नाहीत, पण उन्हाळ्यात मिठाचे पांढरे ढीग अजून कुठे कुठे दिसतात. आमच्या हिचं माहेर त्या बाजूचं. तिच्या लहानपणी घरात मीठ विकत आणायचं असतं हे कुणाला ठाऊक नव्हतं; ओळखीचा आगरी टोपलीभर खडे मीठ देऊन जायचा. अशा माणसाला सत्तरीत चिमटी मोजायला लावणं म्हणजे सोनाराच्या लेकीला पितळेचे मणी. ती बोलत नाही, पण सटाकडे बघते तेव्हा मला कळतं. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन महिने नेटाने काढले की जीभ कमी मिठाला सरावते, मग जुनं जेवणच खारट वाटायला लागतं. तसं झालंही आहे. परवा एका लग्नात हिने भाजीचा पहिला घास घेतला आणि माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, यांनी दोनदा घातलंय वाटतं मीठ."

दुसऱ्या प्रयोगाला आम्ही दोघं, मावशी आणि मावशींचा नातू, असे चार प्रेक्षक होते. नातवाने तीन भाकऱ्या खाल्ल्या, पण ते वय समीक्षेत धरत नाहीत. मावशी म्हणाल्या, "आता माणसाचं झालं." हिने काही म्हटलं नाही. पहिली भाकरी संपवली, बोटं चाटली आणि टोपलीकडे हात केला. मी मुद्दाम दुसरीकडे बघत होतो.

रात्री तिने आपली जुनी वही काढली. शाईने डागाळलेली, लग्नाच्या वेळेपासूनची. तीत कुठल्याही पानावर मिठापुढे आकडा नाही. मला म्हणाली, "तुमचं अक्षर बरं आहे, तुम्ही लिहा. मीठ पाव चमचा. शेवटी, वरून."

मुलीला आता हीच कृती हवी आहे, इंग्रजीत. तिला टर्की मिळतो, मिरची मिळते, बाटली मसाला मावशी देणार आहेत. शिरक्याचं मात्र अडलंय. मावशी म्हणतात बाटली कपड्यांत गुंडाळून द्या, काही होत नाही. मुलगी म्हणते बाबा, बॅगेत फुटली तर सगळ्या साड्यांचा विंदालू होईल. गेले आठ दिवस यावर चर्चा चालू आहे.